सवय शरीराला लागते की जंतूंना?

प्रश्न : माझ्या ६८ वर्षांच्या आईला लघवीचा संसर्ग झाला, तेव्हा नेहमीच्या गोळ्या लागू पडल्या नाहीत, दवाखान्यात ठेवून शिरेतून इंजेक्शने द्यावी लागली. सर्दी-तापात ती दुकानातून अँटिबायोटिक परस्पर आणून घेत असे. त्यामुळे तिच्या शरीराला या औषधांची सवय झाली असेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : शरीराला अँटिबायोटिकची सवय होत नाही, ती जंतूंना होते. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते, त्यांच्यावर या गोळ्यांचा काहीच परिणाम होत नाही, आणि तीन-चार दिवसांत ताप आपोआप उतरला की श्रेय मात्र गोळीला मिळते. त्या गोळीने आतड्यातले बरेच निरुपद्रवी जंतू मरतात आणि ज्यांच्यापाशी तिला दाद न देण्याची क्षमता आधीच असते, ते मोकळ्या जागेत फोफावतात. लघवीचा संसर्ग बहुतेक वेळा आतड्यातल्याच ई. कोलाय या जंतूमुळे होतो, हे लक्षात घेतले म्हणजे सर्दीच्या गोळीचा लघवीशी संबंध कसा पोहोचतो ते कळेल.

तरीही सगळा दोष आईंना देऊ नका. औषधाला दाद न देण्याची क्षमता देणारी जनुके प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळांवरून एका जंतूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूकडेही जातात. त्यामुळे ज्याने वर्षानुवर्षे एकही गोळी घेतली नाही, त्यालाही असा संसर्ग दूषित पाण्यातून किंवा रुग्णालयातून होऊ शकतो. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. सेफिक्झिमसारख्या काही औषधांसाठी तर २०१४ पासून लागू झालेल्या, औषध नियमांतल्या ‘एच-१’ अनुसूचीनुसार (यादीनुसार) दुकानदाराने रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या नावाची नोंद तीन वर्षे जपून ठेवायची असते. ही वही कितीजण प्रामाणिकपणे भरतात, हा प्रश्न आपण आपल्या दुकानदाराला विचारून पाहावा.

पुढच्या वेळी त्रास झाल्यास पहिली गोळी घेण्यापूर्वीच लघवी कल्चरसाठी, म्हणजे तिच्यातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, द्या. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात, पण कोणते औषध चालेल ते त्यातूनच कळते. संसर्ग मूत्राशयापुरताच असेल, तर नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिन ही जुनी औषधे आजही अनेकदा उपयोगी पडतात. मागचा अहवाल आणि दिलेल्या औषधांची नावे डॉक्टरांना अवश्य दाखवा. गोळ्या किती दिवस घ्यायच्या ते त्यांनीच ठरवावे. उरलेल्या घरात ठेवू नयेत. आणि जळजळ, ताप असे काहीही नसताना केवळ बरे झाल्याची खात्री म्हणून वारंवार कल्चर करू नका, कारण उतारवयात पुष्कळ स्त्रियांच्या लघवीत त्रास न देणारे जंतू सापडतात आणि त्यांना बहुधा उपचाराची गरज नसते.