सही गोळी गिळल्यावरच
अगं, टेक्सासात मेडिकेशन एडचा, म्हणजे नर्सिंग होममध्ये नर्सच्या हाताखाली वृद्धांना औषधं देणाऱ्या मदतनिसाचा, कोर्स १४० तासांचा, त्यातले १०० वर्गातच. औषधांची नावं होतात पाठ, त्याची धास्ती नको. खरी गोची हाताच्या सवयीची. लेबल तीनदा वाच: कप्प्यातून काढताना, कपात टाकताना, पाकीट परत ठेवताना. चार्टवर सही मात्र आजींनी गोळी गिळल्यावरच. मी एकदा घाईत आधीच केली आणि संध्याकाळी गोळी उशीखाली सापडली! नर्सला लगेच सांगितलं, बोलणी खाल्ली. आणि ‘ईआर’ (एक्स्टेंडेड रिलीज) लिहिलेली गोळी कुटून सफरचंदाच्या गरात कालवायची नाही हं. दिवसभर हळूहळू सुटणारं औषध एकदम अंगात जातं. आजी कितीही रुसल्या तरी नाही. गिळवत नसेल तर नर्सला सांग, ती डॉक्टरांशी बोलेल.