दरपत्रक दिले, उत्तर आले नाही

प्रश्न : माझा वायरिंगच्या कामाचा छोटा व्यवसाय आहे. जागेची पाहणी करून दिलेल्या अनेक दरपत्रकांना ग्राहक काहीच उत्तर देत नाहीत. पुन्हा विचारणे लाचारीचे वाटते. काय करावे?

उत्तर : पाहणीसाठी आपण वेळ आणि श्रम खर्च केलेले असल्यामुळे विचारणा करण्यात लाचारी मुळीच नाही. मौन म्हणजे नकार, असे गृहीत धरू नका. पुष्कळदा घरातला निर्णय झालेला नसतो, किंवा पत्रकातील एखादी बाब समजलेली नसते आणि विचारायला संकोच वाटतो. म्हणून दोन-तीन दिवसांनी फोन करून ‘काय ठरले?’ असे न विचारता, ‘साहित्य आणि मजुरी यांची फोड करून देऊ का?’ असे नेमके विचारावे. तांब्याच्या भावाबरोबर तारांची किंमतही बदलत असल्याने दराची मुदत, उदाहरणार्थ १५ दिवस, पत्रकावरच लिहावी, म्हणजे ती संपण्यापूर्वी लेखी आठवण करून देण्यास सरळ कारण मिळते. त्यानंतरही उत्तर नसेल, तर जुना दर आता लागू नाही, एवढे सौजन्याने कळवून थांबावे. मात्र निर्णय कोण आणि कधीपर्यंत घेणार, हे पाहणीच्या वेळीच विचारून वहीत नोंदवले, तर यातला बराचसा पाठपुरावा करावाच लागत नाही, असे माझे ठाम मत आहे.