यंत्र जुने झालेले नाही. हप्ता मात्र थांबवा

चिंचवडहून एका वाचकांचे पत्र आले आहे. वय ६१, कारखान्यातील नोकरीतून ते २०२४ मध्ये निवृत्त झाले. लाकडावर कोरीव काम करणारे, संगणकाच्या हुकुमावर चालणारे एक छोटे सीएनसी राउटर त्यांनी २०११ मध्ये हौसेने घेतले होते. ते ज्या डेस्कटॉपवर चालत असे, त्याचा मदरबोर्ड गेला. त्यांनी ५५ हजारांचा नवा लॅपटॉप आणला. त्याला पॅरलल पोर्ट, म्हणजे जुन्या प्रिंटरची २५ छिद्रांची जोडणी नाही, आणि ९०० रुपयांची यूएसबी-पॅरलल केबल जोडूनही यंत्र हलत नाही. विक्रेत्याचे म्हणणे असे, की जुने काढून टाका आणि पावणेतीन लाखांचे नवे घ्या. बँकेतील ज्या अधिकाऱ्याने त्यांना विमा पॉलिसी दिली, त्याचे म्हणणे असे, की पॉलिसीवर कर्ज काढा, नावाच्या पाट्या आणि मखरे करून महिन्याला २५ हजार सहज सुटतील. कर्ज काढावे का, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

काढू नये. आपल्या पॉलिसीचे आजचे सरेंडर मूल्य, म्हणजे ती आज मोडली तर हाती येणारी रक्कम, आपणच २ लाख ४० हजार लिहिले आहे. त्यावर फार तर दोन लाखांच्या आसपास कर्ज मिळेल आणि त्याला नऊ-साडेनऊ टक्के व्याज पडेल. म्हणजे कर्ज काढूनही नव्या यंत्राची किंमत पुरी होत नाही. गेल्या वर्षी आपण ओळखीच्यांना १४ पाट्या विकल्या. एका पाटीमागे ५०० रुपये सुटले असे धरले, तरी वर्षाचे सात हजार होतात. वर्षाला तीन लाखांची अपेक्षा ठेवायला यात कोणताही आधार नाही.

शिवाय नव्या यंत्राची गरजच नाही. आपल्या राउटरच्या मोटरी, स्क्रू आणि स्पिंडल (कोरणारे पाते फिरवणारा भाग) ठीक आहेत. बंद पडला आहे तो संगणक. आपले राउटर चालवणारे माक-३ हे सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टच्या एकेका पिनवरून स्टेपर मोटरींना (ठरावीक छोट्या टप्प्यांनी फिरणाऱ्या मोटरींना) थेट स्पंद पाठवते, आणि ते स्पंद अचूक वेळेवर जावे लागतात. यूएसबी-पॅरलल केबल फक्त प्रिंटरसाठी बनवलेली असते, त्यामुळे ती हे काम करू शकत नाही. त्यातच माक-३ चा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर ३२-बिट विंडोजवरच चालतो, आणि विंडोज ११ केवळ ६४-बिटमध्ये येते. यावर दोन उपाय आहेत. लॅपटॉपच वापरायचा असेल, तर यूएसबी किंवा इथरनेटवर चालणारा मोशन कंट्रोलर, म्हणजे हे स्पंद स्वतः तयार करणारे सर्किट, मध्ये बसवावा. नाहीतर पुण्यातील तपकीर गल्लीसारख्या बाजारातून पॅरलल पोर्ट असलेला वापरलेला डेस्कटॉप आणावा आणि त्यावर लिनक्स-सीएनसी हे मोफत सॉफ्टवेअर घालावे. जुनी २५ पिनांची केबल तशीच चालेल. मी दुसरा उपाय निवडेन. दोन्हींपैकी कोणत्याही उपायाला १५ हजारांहून अधिक खर्च धरू नका. मात्र जुन्या संगणकाची हार्ड डिस्क भंगारात देऊ नका. मदरबोर्ड गेला म्हणजे डिस्क गेली असे नव्हे, आणि माक-३ चा परवाना तसेच कोणत्या पिनला काय जोडले आहे व एका मिलिमीटरला किती स्टेप लागतात या साऱ्या नोंदी तिच्यातच असतात.

आता जे आपण विचारलेले नाही त्याकडे वळतो, कारण खरे नुकसान तिथे होत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये, म्हणजे पगार थांबल्यानंतर, आपण वर्षाला दोन लाखांचा हप्ता दहा वर्षे भरण्याची पॉलिसी घेतली. बाराव्या वर्षापासून बारा वर्षे दरसाल तीन लाख मिळतील. अधिकाऱ्याने कागदावर मांडले, की २० लाखांचे ३६ लाख म्हणजे ८० टक्के वाढ, दहा वर्षांनी भागले की वर्षाला आठ टक्के 'हमखास'. हे गणित चुकीचे आहे, आणि विमा विकणाऱ्या माणसाला ते चुकीचे आहे हे ठाऊक असायलाच हवे. आपला प्रत्येक रुपया सरासरी १२ वर्षे अडकून राहतो. १२ वर्षांत पैसे दुप्पट झाले, तर तो परतावा सहा टक्के. २० चे ३६ झाले, तर जेमतेम पाच. करबचतीचे कारणही लागू नाही, कारण आपल्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत कर बसतच नाही.

याहून गंभीर बाब घरखर्चाची आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतील ३० लाखांवर ८.२ टक्क्यांनी वर्षाला २ लाख ४६ हजार, पेन्शनचे ५४ हजार आणि नऊ लाखांच्या ठेवीवर सुमारे ६० हजार, असे मिळून आपले उत्पन्न ३ लाख ६० हजार होते. महिना ४० हजारांप्रमाणे खर्च ४ लाख ८० हजार. ही एक लाख वीस हजारांची तूट, त्यावर दोन लाखांचा हप्ता. म्हणजे वर्षाला तीन लाख वीस हजार ठेवीतून जात आहेत. ही ठेव तीन वर्षांत संपेल, आणि पॉलिसीचा पहिला पैसा वयाच्या ७१ व्या वर्षी हाती येणार आहे. मधली वर्षे कशावर काढायची, हे आपल्याला कोणीही विचारले नाही, याचे मला दुःख वाटते.

म्हणून येत्या नोव्हेंबरचा हप्ता भरू नये. रागाच्या भरात लगेच सरेंडरही करू नये. पुढचे सगळे हप्ते भरले, तर आजपासूनचा परतावा (आजचे सरेंडर मूल्य आणि पुढचे हप्ते हीच गुंतवणूक धरून) सहा टक्क्यांच्या आसपास येतो. पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी लाभांवर चालू ठेवली, आणि कंपनी दहापैकी भरलेल्या दोन हप्त्यांच्या प्रमाणात उत्पन्न देत असेल, तर वर्षाला ६० हजार, एकूण ७ लाख २० हजार मिळतील. आजच्या २ लाख ४० हजारांवर हे सुमारे आठ टक्के पडते. हे आकडे कंपनीकडून लेखी मागवा. ते असेच निघाले तर पेड-अप करा. कमी निघाले तर सरेंडर करा आणि झालेला तोटा तिथेच थांबवा.

हप्त्याचे वाचलेले पैसे आधी आरोग्य विम्याकडे वळवा. कारखान्याचे संरक्षण निवृत्तीबरोबर संपले, पत्नींना मधुमेह आहे, आणि पत्रात मेडिक्लेमचा उल्लेखही नाही. दोघांसाठी वर्षाला ६० हजार धरून चला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. मधुमेह अर्जात स्पष्ट लिहा. आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षा कमाल तीन वर्षांची असते, आणि ती जितक्या लवकर सुरू होईल तितके बरे. आरोग्य विम्याच्या या हप्त्यामुळे घरखर्चाची तूट एक लाख ऐंशी हजारांपर्यंत जाईल, तेव्हा डेस्कटॉपच्या खर्चापलीकडे या वर्षी नवी खरेदी नको.

पॉलिसी परत करण्याची ३० दिवसांची मुदत उलटून गेली आहे. तरीही अधिकाऱ्याने हाताने लिहून दिलेला तो आठ टक्क्यांचा कागद जपून ठेवा. त्याची प्रत जोडून विमा कंपनीकडे आणि बँकेकडे फसव्या विक्रीची लेखी तक्रार करा, आणि भरलेले चारही लाख परत मागा. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांचे कार्यालय पुण्यातच आहे, तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.