लघवीचा नमुना टेबलावर येण्याआधी

हे बघ, लघवीचं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू प्लेटवर वाढवून ओळखायची तपासणी, बिघडतं ते बहुतेक वेळा बाटली भरतानाच. पेशंटला नीट समजावून सांग: जागा धुवायची, पहिली धार सोडायची, मधली निर्जंतुक बाटलीत घ्यायची. अँटिबायोटिक सुरू करण्याआधीच. नाशिकच्या एप्रिलमध्ये सिन्नर-निफाडहून पिशवीत घालून आणलेली बाटली दोन तासांत कल्चरला लावता आली तर ठीक, नाहीतर लगेच फ्रीजमध्ये. उन्हात जंतू वाढतात आणि रिपोर्ट खोटं बोलतो.

लघवीत बुडवायच्या तपासणी-पट्टीवर नायट्राइट, म्हणजे बरेच जंतू लघवीत बनवतात ते रसायन, निगेटिव्ह आलं म्हणून निश्चिंत होऊ नकोस. एन्टेरोकोकस हा लघवीत संसर्ग करणारा जंतू नायट्राइट बनवतच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली एपिथेलियल (त्वचेच्या-अस्तराच्या) पेशींची गर्दी आणि प्लेटवर तीन-चार प्रकारच्या जंतूंच्या वसाहती दिसल्या, तर नमुन्यात बाहेरचे जंतू मिसळलेत असं समज आणि सरळ दुसरा नमुना माग. पेशंट कुरकुरतील, कुरकुरू दे.