जुन्या रेकॉर्डवर पण कस्टम ड्युटी?

प्रश्न : जपानमधल्या एका विक्रेत्याकडून जॅझची सेकंडहँड एलपी (गाण्यांची मोठी तबकडी) ऑनलाइन घेतली, तरी पोस्टमनने ड्युटी मागितली आणि तीही किमतीच्या मानाने फारच जास्त. पाकिटावर 'गिफ्ट' लिहायला सांगायला हवं होतं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : अजिबात नको! पूर्वी ५ हजारांपर्यंतची भेटवस्तू ड्युटीशिवाय यायची, पण लोक विकतचा माल गिफ्ट म्हणून मागवायला लागले आणि डिसेंबर २०१९मध्ये ती सवलत बंद झाली, आता राखी आणि जीव वाचवणारी औषधं तेवढी सुटतात. हिशोब असा असतो बघा, रेकॉर्डची किंमत अधिक पोस्टेज अधिक इन्शुरन्स, या बेरजेवर ड्युटी, आणि ड्युटी धरून जी रक्कम होते तिच्यावर परत आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी), म्हणजे आकडा रेकॉर्डच्या किमतीच्या वरूनच सुरू होतो. सेकंडहँड म्हणून सूट नाही. माझं ऐका, एकाच विक्रेत्याकडून तीन-चार एकत्र मागवा, पोस्टेज वाटलं जातं. आणि बिल पाकिटाबाहेर प्लास्टिकच्या खिशात लावायला सांगा. माझ्या एका पार्सलचं बिल आत राहिलं, तपासायला फोडलं तेव्हा कव्हरचा कोपरा दुमडला, अजून बघवत नाही.