कुठलं नाव लिहू?

प्रिय मुली,

मतदार नोंदणीच्या कामाला रविवारपासून जाणार म्हणून कळवलंस, वाचून फार बरं वाटलं. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रापुरती यादी सांभाळणारी अधिकारी, म्हणून मी ठाण्यात लोकमान्यनगरच्या चाळी कित्येक वर्षं पायाखाली घातल्या. त्यावरून सांगते, दार कुणीही उघडो, बाईचं नाव तिच्याच तोंडून ऐक.

एकदा आतून नवऱ्याने नाव सांगितलं आणि मी लिहायलाही घेतलं. तेवढ्यात ती कणकेच्या हातांनी बाहेर आली नि हळूच म्हणाली, "बाई, कुठलं लिहिता? लग्नात तांदळात लिहिलेलं, की शाळेतलं?" दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं. म्हटलं, "तुम्हाला कुठलं हवंय?" ती उंबऱ्यातच थबकली. मग शाळेतलं सांगितलं, आणि मी लिहीत असताना वाकून वेलांटी पहिली की दुसरी तेही बघितलं.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करताना हीच अडचण देशभर आली होती. लाखो बायकांनी 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढंच सांगितलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन खऱ्या नावावर अडून बसले आणि जवळपास २८ लाख बायका यादीतून गळाल्या. त्यांचा आग्रह मला पटतो, पण त्या २८ लाखांची हळहळ अजून जात नाही. बायकांच्या याच मताधिकारासाठी हेराबाई टाटा आणि त्यांची लेक मिठन १९१९ साली बाजू मांडायला लंडनपर्यंत गेल्या होत्या! मुंबई प्रांतात १९२१ मध्ये हक्क मिळाला, तोही मालमत्तेच्या अटीवर. १९३५च्या कायद्याने नवऱ्याच्या मालमत्तेवर बायकोला मत दिलं, म्हणजे पुन्हा 'अमक्याची बायको'च. ती अट संविधानाने काढली तेव्हा कुठे बाई स्वतःच्या नावाने मतदार झाली.

म्हणून घाई करू नकोस. 'नंतर या, हे घरी नाहीत' असं कुणी म्हणालं, तर 'मला तुमच्याशीच बोलायचंय' असं सांग. नाव लिहून झालं की कागद तिच्याकडे फिरव. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखव.

आणि हो, ऐरोलीला राहायला येऊन तुम्हाला तीन वर्षं झाली, तरी तुझ्या आईचं नाव अजून कळव्याच्या यादीत आहे. रविवारी बाहेर पडण्याआधी तिच्याजवळ बसून पत्ता बदलण्याचा अर्ज, नमुना ८, भर. तिचं नाव तिलाच विचार.

तुझ्या बाई