नालायक सेनापती लिहिताना तो विदूषक का होतो?

आपण विचारले आहे की, अंतराळयुद्धावरील आपल्या कादंबरीत सैनिक कसलेले आणि वरचे अधिकारी नालायक दाखवायचे असताना ते अधिकारी विदूषक वाटतात, तर काय करावे. माझ्या मते आपण त्यांना आधी मूर्ख ठरवून मग लिहायला बसला आहात. सैन्याचा घात करणारा निर्णय घेताना तो घेणाऱ्याला बहुधा शहाणपणाचाच वाटत असतो आणि खालच्या माणसाची खरी चीड तेथूनच उगवते.

मी खारघरला राहतो, त्यामुळे उदाहरणही जवळचेच देतो. रघुनाथरावांना पुण्यात बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची सुमारे ३,९०० जणांची फौज १७७८ च्या अखेरीस पनवेलमार्गे बोरघाट चढली. तिचे नेतृत्व एका सेनापतीकडे नव्हते, तर समितीकडे होते. त्यातील कर्नल एगर्टन प्रकृतीने खचलेले, तर कार्नॅक यांचे त्यांच्याशी पटत नव्हते. जड तोफा आणि हजारो बैलांचे लटांबर सांभाळत ही फौज गोगलगाईसारखी सरकत होती आणि तोवर मराठ्यांनी पुढचा मुलूख जाळून दाणावैरण नाहीशी केली. धडाडीचा कॅप्टन स्ट्युअर्ट कार्ल्याजवळ तोफगोळ्याने पडला. शत्रू असूनही मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हणून लक्षात ठेवले, हे त्याच्या वरिष्ठांच्या वाट्याला आले नाही. पुढे तळेगावला पोहोचल्यावर, पुणे एक-दोन मजलांवर उरले असताना समितीने माघार ठरवली, ११ जानेवारी १७७९ च्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि कॅप्टन हार्टलीच्या पिछाडीच्या तुकडीने मार झेलत झेलत फौज वडगावपर्यंत आणली. तेथे वेढा पडला आणि १६ जानेवारीला तह करावा लागला.

यातील एकेक निर्णय सुटा घेतला तर त्याचे समर्थन करता येते. तोफा मागे न सोडणे, रसद मोजणे, मतभेद झाल्यास चर्चा करणे, यांत वेडगळ असे काहीच नाही. सारे एकत्र आल्यावर मात्र माणसे मरतात. आपला निवेदक म्हणून मी तो शिपाई घेईन, ज्याने घाटात तोफेला स्वतः खांदा लावला होता आणि जो आता अंधारात तीच तोफ तळ्यात ढकलतो आहे. समितीच्या तंबूत काय बोलणे झाले हे त्याला कधीच कळत नाही, म्हणून ते वाचकालाही कळू देऊ नका.

अंतराळात या दोषाला अंतराची जोड मिळते. पृथ्वीवरून मंगळापर्यंत संदेश पोहोचण्यास ग्रहांच्या स्थितीनुसार सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात, म्हणजे पाठवताना बरोबर असलेला हुकूम पोहोचेपर्यंत घातक ठरू शकतो आणि तरीही तो मोडणे हा गुन्हाच राहतो. व्हिएतनाममध्ये लढलेल्या जो हॉल्डमन यांनी ‘द फॉरेव्हर वॉर’ या कादंबरीत हेच ताणून नेले आहे: प्रवासाच्या वेगामुळे सैनिकाची मोजकी वर्षे सरतात, तर पृथ्वीवर शतके उलटतात.

मी फौजेत नव्हतो, पण ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात बारा वर्षे रात्रपाळी केली आहे. फोनवरून हुकूम सोडणारे साहेब दुष्ट नव्हते; त्यांना कोणता व्हॉल्व्ह गंजून अडकला आहे हे ठाऊक नसे आणि ते विचारण्यात त्यांना कमीपणा वाटे. आम्ही ‘हो साहेब’ म्हणत असू, आपल्या अकलेने काम उरकत असू आणि नोंदवहीत त्यांच्याच हुकमाप्रमाणे लिहीत असू. ती खोटी नोंद वाचून ते पुढचा हुकूम काढीत.

आपल्या सैनिकांनाही अशी एक नोंदवही द्या, आणि सेनापतीच्या तोंडची प्रकरणे निदान एका मसुद्यापुरती काढून फक्त त्याचे हुकूम ठेवून पाहा.